डायलिसिसचे वार आणि पाचवीतली पोर

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या एका ताईंनी विचारलंय: मिस्टरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस असतं. मुलगी यंदा पाचवीत जाईल. मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला दमा आहे. मुलाची शाळा आजारपणानं बुडते आणि मुलीची 'घरात दुसरं कुणी नाही' म्हणून. वर्गशिक्षकांचे फोन घ्यायचा आता कंटाळा आलाय. दोघांनाही शाळेतनं काढून घरीच शिकवलं तर? मुलगी घरी असली की मलाही थोडा हातभार लागेल. सासूबाईंना हे अजिबात पटत नाही. वेळापत्रक कसं बसवायचं, कायद्यात चालतं का, आणि पुढं दहावीचं काय?

ताई, वेळापत्रक, कायदा, दहावी यांची उत्तरं आहेत, सगळी देते. पण मधेच तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलाय, 'मलाही थोडा हातभार लागेल', तिथं मी अडकले. बारा वर्षांपूर्वी हेच वाक्य मी माझ्या नवऱ्याला म्हटलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. त्यामुळं आधी आमच्या घरचं सांगते.

आमचा धाकटा साडेचार वर्षांचा असताना एक दिवस सकाळी डोळे सुजवूनच उठला. आम्हाला वाटलं, डास चावला असेल. आठवड्यानं कळलं की नेफ्रोटिक सिंड्रोम आहे. किडनीची चाळणी सैल होते, प्रथिनं लघवीवाटे निघून जातात आणि अंगाला सूज येते. औषध म्हणजे स्टेरॉइड, महिनोन्‌महिने. बरं वाटलं म्हणून गोळी कमी करत आणावी तर साधी सर्दी होते आणि आजार परत उलटतो. आणि पहिलीच्या वर्गात कायम कुणा ना कुणाच्या नाकाला सर्दी असतेच. त्यात मला स्वतःला आमवात. सकाळी उठल्यापासून दोन तास बोटं मिटत नाहीत, चहाचा कप दोन्ही तळहातांत धरून प्यावा लागतो. थोरली तेव्हा आठ वर्षांची, तिसरीत. एक घरी आणि एक शाळेत हे झेपायचं नाही म्हणून आम्ही दोघांनाही घरी ठेवलं.

पहिली चूक सगळेच करतात तशी केली. राजारामपुरीतल्या दोन खोल्यांत शाळा मांडली. लक्ष्मीपुरीतनं फळा आणला, हॉलच्या भिंतीला ठोकला. आठ ते एक, पाच तास, मधली सुट्टी, मी हौसेनं पितळी घंटासुद्धा आणली. अकराव्या दिवशी सकाळी मला खडू धरता आला नाही. बोटांत यायचा आणि गळून पडायचा. थोरली म्हणाली, "आई, मी लिहिते, तू सांग." ती बिचारी स्वतःच स्वतःसाठी फळ्यावर गणितं लिहून खाली बसून वहीत उतरवत होती. तो फळा पुढं दुधाचा हिशेब लिहायला कामाला आला.

दुसरी चूक कळायला मात्र दोन वर्षं लागली. पोरगी हुशार, अंगानं चपळ. आजीच्या बीपीच्या गोळ्या, भावाची स्टेरॉइडची गोळी, माझी दर सोमवारची गोळी, सगळं तिला पाठ. गोळीचे नखानं अचूक अर्धे तुकडे करायची. येणारा-जाणारा कौतुक करायचा, 'किती शहाणी पोर!' मलाही ऐकून बरं वाटायचं. पाचवीच्या वयाची झाली तेव्हा एका संध्याकाळी मी विचारलं, अर्धी आणि पाव मिळून किती? पापणी लवायच्या आत म्हणाली, पाऊण. मग पाटीवर 1/2 + 1/4 लिहून दिलं. तिनं खाली लिहिलं: 2/6. वरच्यांची बेरीज, खालच्यांची बेरीज. मी वह्या काढून बघितल्या. चार महिन्यांत गणिताची सात पानं झाली होती. आणि त्या सात पानांच्या मध्ये एके ठिकाणी तिच्या अक्षरात घरातल्या सगळ्यांच्या औषधांचा तक्ता होता, पट्टीनं रेघा मारून, रंगीत पेन्सिलीनं.

आजारी माणसाच्या घरात शाळा घरी आली की असं होतं. मूल घरकामात विरघळून जातं. कुणी त्याला मुद्दाम राबवत नाही. 'जरा पाणी दे', 'जरा दार उघड', 'बाबांकडं पाच मिनिटं बघ' असं करत दिवस जातो. मुलगी असली की लवकर जातो, हेही उघडच सांगते. माझ्या मुलीच्या जागी मुलगा असता तर औषधांचा तक्ता त्याच्या अक्षरात असता का, हा प्रश्न मी स्वतःला नंतर बऱ्याचदा विचारला.

म्हणून माझा सल्ला तुम्हाला कदाचित आवडणार नाही. मुलाला घरी ठेवा, मुलीला शाळेतच राहू द्या. तुमच्या पत्रावरनं तरी मला दिसतं की तिची शाळा तिच्या तब्येतीमुळं बुडत नाही, भावाला सांभाळायला माणूस नसल्यानं बुडते. म्हणजे प्रश्न तिच्या शिक्षणाचा नाहीच, सोमवार-बुधवार-शुक्रवार सात वर्षांच्या पोरापाशी कोण बसणार हा आहे. त्याचं उत्तर सासूबाई असू शकतात, शेजारीण असू शकते, आठवड्यातनं तीन दिवस चार तास येणारी पैसे देऊन ठेवलेली बाई असू शकते. दहा वर्षांची बहीण नको. औषधांचा वास, वजनकाटा, पाण्याचं मोजमाप यांतलं काहीही नसलेली एकच जागा सध्या तिच्याकडं आहे. तिथं तिला भांडू दे, डबा वाटून खाऊ दे, गृहपाठ विसरू दे.

दुसरं व्यावहारिक कारणही आहे. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं राज्यांना ती मुभा मिळाली आणि आपल्याकडं 2023-24 पासून ती लागू झाली. नापास झालं तर फेरपरीक्षा होते, त्यातही राहिलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. नेमकी पाचवीच अशी अर्धी घरी, अर्धी शाळेत गेली तर पोरीला नाहक डाग लागेल.

तरीही काही कारणानं दोघंही घरीच राहणार असतील, तर मुलीचा दीड तास राखा. आमच्याकडं त्या 2/6 नंतर चार ते साडेपाच ठरला. पावणेचारला मी आजींच्या उशाशी तांब्या-भांडं भरून ठेवायची, धाकट्याचा खाऊ काढून ठेवायची, फोन माझ्याकडं घ्यायची. मग आतल्या खोलीचं दार लोटलेलं. त्या दीड तासात तिला कुणीही हाक मारायची नाही. पाहुणे आले तरी नाही, चहा मी करीन, नाहीतर पाहुणे स्वतः करतील. पहिले पंधरा दिवस ती स्वतःच दर दहा मिनिटांनी बाहेर यायची, 'आजीला काही पाहिजे का?' म्हणून. मला त्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं. पाचवीच्या वयाला एवढा वेळ पुरतो का म्हणाल, तर एकाला एक शिकवताना पुरतो. वर्गातल्या पाच तासांत हजेरी, शांतता, रांगा, वह्या गोळा करणं हे सगळं आलं की. सात वर्षांच्या मुलाला पाऊण तासाच्या वर बसवूच नका.

आता वेळापत्रक. सगळेजण चांगला दिवस डोळ्यांसमोर ठेवून तक्ता करतात आणि पहिल्या वाईट दिवशी तो फाडतात. तुम्ही उलटं करा. घरातला सगळ्यात वाईट दिवस कसा जातो ते आधी लिहून काढा. मिस्टरांना रात्री धाप लागली, सकाळी पोराला खोकला आला, स्वयंपाकाला हात लावायला वेळ नाही. अशा दिवशी काय होऊ शकेल? आमच्याकडं उत्तर होतं एक गोष्ट ऐकणं आणि एक ओळ लिहिणं, बस्स. एवढं झालं की आमच्या हिशेबात तो दिवस शाळेचा धरायचा. बाकीचे दिवस त्याच्या वर रचायचे.

तुमच्याकडं तर आजाराला वार आहेत, ही मोठी सोय आहे. माझ्या दुखण्याला वार नव्हता. ओळखीतल्या तीन घरांत मी बघितलंय की डायलिसिस झालेला दिवस गळून गेल्यासारखा जातो, माणूस घरी येऊन झोपतो. दुसऱ्या दिवशी जरा मोकळं वाटतं. शुक्रवार ते सोमवार मधे दोन दिवस जातात, अंगात पाणी साठतं, म्हणून रविवार संध्याकाळ आणि सोमवार सकाळ जड असते. मग तुमची खरी शाळा मंगळवार, गुरुवार, शनिवार. नवीन काही शिकवायचं ते याच तीन दिवशी. सोमवार-बुधवार-शुक्रवार फक्त झालेल्याची उजळणी, वाचन, चित्र. रविवारी काहीच नाही, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

मिस्टरांना यातनं वगळू नका. डायलिसिसच्या खुर्चीत माणूस चार तास अडकलेला असतो, फिस्टुलाचा, म्हणजे सुया टोचलेला हात हलवता येत नाही, दुसरा मोकळा. पोरांना त्या खोलीत न्यायचं नाही. पण फोन आहे. ओळखीतल्या एका घरी मुलगा घरातनं बाबांना फोनवर धडा वाचून दाखवतो आणि बाबा तिकडं कानात हेडफोन घालून चुका काढतात. 'स्वल्पविराम खाल्लास.' 'ष म्हण, श नाही.' फक्त सुरुवातीच्या तासा-दीड तासात. शेवटी शेवटी बीपी खाली येतं, पायात गोळे येतात, तेव्हा बोलायची इच्छा नसते आणि पोराला वाटतं बाबा रागावले. त्या गृहस्थांनी मला सांगितलं होतं, "मॅडम, त्या चार तासांत मी पेशंट नसतो असा हा एकच तास."

दुसरी बाजूही सांगते, कारण काहीजण उत्साहात भलतंच करतात. बाबांचं डायलिसिसआधीचं वजन, नंतरचं वजन, दिवसभरात किती मिली पाणी प्यायले, हे मुलांना वजाबाकी-बेरजेसाठी देऊ नका. आकडे आयते मिळतात म्हणून मोह होतो. पण ज्या दिवशी वजन अडीच किलोऐवजी चार किलो वाढेल त्या दिवशी पोर हिशेब मांडत बसणार नाही, ते बाबांच्या तांब्याकडं संशयानं बघेल. आमच्या धाकट्यानं रोज सकाळी स्वतःच्या लघवीची पट्टी बघितली, हे खरं. पट्टी बुडवायची, मिनिटभर थांबायचं, डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचं. पिवळी म्हणजे निवांत, हिरवी होत चालली की तारखेसमोर एक, दोन, तीन अधिक. लागोपाठ तीन दिवस तीन अधिक आले की डॉक्टरांना फोन. सात वर्षांचा असताना तो हे एकट्यानं करायचा, आणि त्यातनं निरीक्षण, नोंद, घाई न करता निष्कर्ष काढणं हे जे तो शिकला ते कुठल्या धड्यात नसतं. पण ते शरीर त्याचं होतं. स्वतःच्या आजाराची वही मुलाकडं असावी. बापाच्या आजाराची वही मोठ्या माणसांनी सांभाळावी.

तुमच्या मुलाचंही तसंच. पंप कधी घेतला, कशानं त्रास झाला, हे त्यानं चित्रांनी का होईना लिहावं. उसाची पाचट पेटायला लागली की बंद खिडक्या, हे त्याचं त्याला कळेल. आणि एक बारीक गोष्ट, जी आम्हाला दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका आईनं सांगितली होती. नेब्युलायझर किंवा निळा पंप घेतल्यावर मुलांचे हात थरथरतात, छाती धडधडते, अंगात वारं भरल्यासारखी नाचतात. त्या तासाभरात शुद्धलेखन काढून बसू नका. अक्षर वाकडं येणारच, आणि तुम्ही ओरडणारच. तेव्हा गोष्ट सांगा.

काय शिकवायचं याची काळजी वाटते तेवढी मोठी नाही. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, धड्यावरचा क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपवर उघडतो. 'किशोर' मासिक लावा, 1971 पासून निघतंय, आमच्याकडं जुन्या अंकांची चळत आहे. पण पुस्तकाच्या बाहेरचं एक उदाहरण देते, कारण ते अक्षरशः तुमच्या दारातलं आहे.

पंचगंगेवरचा राजाराम बंधारा. जुलै लागला की अख्ख्या कोल्हापुरात सकाळी पहिला प्रश्न पातळी किती, हाच असतो. आम्ही आलेखाचा कागद भिंतीला लावला. खाली तारखा, उभ्या रेघेवर फूट. 39 फुटांवर पिवळी आडवी रेघ, इशारा पातळी. 43 फुटांवर लाल, धोका पातळी. रोज सकाळी बातमीतला आकडा घ्यायचा आणि ठिपका द्यायचा. तिसऱ्याच दिवशी घोळ झाला. काल 39 फूट 10 इंच, आज 41 फूट 2 इंच. धाकट्यानं 39.10 आणि 41.2 असं लिहून वजाबाकी केली आणि म्हणाला, 2 फूट 1 इंच वाढलं. मी काही बोलले नाही, टेप आणून दिला. जमिनीवर टेप पसरून त्यानं बोटानं मोजलं तेव्हा आलं 1 फूट 4 इंच. अर्धा तास तो टेपकडं बघत बसला होता. फुटाला बारा इंच आणि दशांश म्हणजे दहावा भाग, हे दोन वेगळे हिशेब आहेत हे मी चार वेळा सांगितलं असतं तरी कळलं नसतं. मग ओघानं बाकीचं आलं. पंचगंगा कुठल्या नद्यांनी होते? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि आजी सांगतात ती गुप्त सरस्वती. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पाणी इथवर यायला किती वेळ लागतो, तो त्यानं बातम्यांच्या वेळा जुळवून काढला.

2019 च्या ऑगस्टमध्ये पातळी 55 फुटांच्या वर गेली. आमचा कागद 50 ला संपत होता. त्यानं वर दुसरा कागद चिकटवला आणि ठिपके छताच्या दिशेनं नेले. त्याच दिवसांत शिरोलीपाशी महामार्ग बंद होता, आणि आमच्याकडं पट्ट्यांची एकच डबी उरली होती. तेव्हापासून जूनमध्येच दोन महिन्यांची औषधं भरून ठेवतो. तुम्हीही मिस्टरांच्या डायलिसिसवाल्यांना पाऊस सुरू व्हायच्या आधी विचारून ठेवा की रस्ता बंद झाला तर दुसरीकडं सोय कुठं होईल. बावड्यात राहणाऱ्याला हे मी सांगायला नको खरं तर.

सासूबाईंचा विरोध. त्यांना समजावत बसू नका, काम द्या. आमच्या आजींनी सहा महिने माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं. "शाहू महाराजांनी पोर शाळेत न घालणाऱ्याला दंड लावला हुता, आणि तुम्ही शिकलेली माणसं घातलेली पोरं परत आणताय?" आणि त्यांचं चूक नव्हतं. 1917 साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. तेव्हाचा रुपया! या गावात घरशाळा काढायची तर हे बोलणं ऐकून घ्यावंच लागतं. त्या 2/6 च्या रात्री मी पाटी घेऊन त्यांच्याकडंच गेले. म्हटलं, हिला अपूर्णांक येत नाहीत, तुम्ही बघा. आजी चौथी शिकलेल्या, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं तोंडपाठ. एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक. दुसऱ्या दिवसापासून गुळाची ढेप समोर ठेवून दोघी बसायला लागल्या. किलोचा खडा, त्याची चार पावं, त्यातली तीन उचलली की तीन चतुर्थांश. आठवड्यानं पोरीनं 1/2 च्या जागी आपणहून 2/4 लिहिलं. आणि आजी शेजारणीला सांगताना ऐकू आल्या, "मी शिकवते की घरात. बाई दुखणेकरी हाय."

तुमच्या घरी मुलगा सात वर्षांचा आहे. पाढे आणि गोष्टी सासूबाईंच्या ताब्यात द्या. सोमवार-बुधवार-शुक्रवार त्याच्यापाशी बसायचा प्रश्नही त्यातच सुटतो.

मित्रांचं काय, हे सगळे विचारतात. कोल्हापुरात हा प्रश्न मला कधी कळलाच नाही. संध्याकाळी गल्लीत फुटबॉल असतोच, आणि पाटाकडील की दिलबहार, इथल्या तालमींच्या संघांपैकी तुमचा कुठला, हे ठरवल्याशिवाय कुणी खेळायला घेत नाही. दम्याच्या पोरानं खेळायच्या आधी पंप घ्यायचा का, एवढं डॉक्टरांना विचारा. चांगल्या दिवशी टाउन हॉलच्या संग्रहालयात घेऊन जा. इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती तिथं आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कसा आला, यावर आमच्याकडं दोन महिने वाद चालला होता.

कायद्याचं. शिक्षणहक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. 6 ते 14 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं कलम 10 सांगतं, पण न घातल्यास पालकाला शिक्षा किंवा दंड त्या कायद्यात नाही. घरी शिकवण्याला सर्वसाधारण मान्यताही त्यात नाही. 2012 च्या दुरुस्तीनं बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरून शिकण्याचा पर्याय दिलाय, पण दमा त्यात बसत नाही. म्हणजे पोलीस दारात येणार नाहीत, पण कागदावर तुमचं मूल शाळाबाह्य ठरेल. परत यायचं झालं तर कलम 4 कामाचं आहे. मधे शाळा सुटलेल्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो, राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणही मिळायला पाहिजे.

आमच्या थोरलीला सहावीत परत घालताना एका शाळेत आधीच्या दोन वर्षांचं प्रगतिपुस्तक मागितलं. नाही म्हटल्यावर 'मग चौथीत बसवा' असं उत्तर आलं. मी कलमाची प्रत नेली होती, तिच्यावर नजरही टाकली नाही कुणी. कामाला आली ती फाइल. महिन्याला दोन-चार कागद, तारीख घालून: एक निबंध, एक गणिताचं पान, एक चित्र, एक नकाशा. दुसऱ्या शाळेतल्या मुख्याध्यापिका बाईंनी ती फाइल उभ्यानंच चाळली, मग बसून चाळली आणि म्हणाल्या, उद्यापासून पाठवा. तेव्हा रोजची नोंद नाही जमली तरी महिन्याचे चार कागद ठेवाच. औषधांच्या चिठ्ठ्या जिथं ठेवता तिथंच ठेवा, म्हणजे हरवणार नाहीत.

दहावीला अजून वेळ आहे, तरी सांगते. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, हे आजारी मुलासाठी मला सगळ्यात बरं वाटतं. 14 वर्षं पूर्ण लागतात, मराठी माध्यम आहे, किमान पाच विषय, त्यात निदान एक भाषा. वर्षातनं दोनदा परीक्षा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि एका वेळी झेपतील तेवढेच विषय द्यायचे. आमच्या धाकट्यानं पहिल्यांदा दोन दिले, मग आजार उलटला म्हणून एकच, तिसऱ्या खेपेला उरलेले दोन. राज्य मंडळाची दहावीच पाहिजे असेल तर बाहेरून बसायचा 17 नंबरचा फॉर्म आहे, शिवाय राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. पण तो दोन-तीन वर्षांनी बघायचा विषय.

सध्या मुलाचं नाव शाळेतनं काढू नका. दाखला घरी आणला की परतीचा रस्ता विनाकारण लांब होतो. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या: दम्यामुळं मुलाला दीर्घ रजा हवी आहे, अभ्यास घरी करून घेऊ, चाचण्यांना तब्येतीप्रमाणं आणून बसवू. फोनवर बोलणं झालं असलं तरी अर्ज द्याच. घरातल्या डायलिसिसचं एका ओळीत लिहा, त्याहून जास्त नको. मुलीच्या वर्गशिक्षकांना मात्र स्वतः जाऊन भेटा आणि सांगा की यापुढं ही रोज येणार, एखाद्या दिवशी डोळे लाल दिसले तर मला फोन करा. अर्जाच्या दोन प्रती न्या. एका प्रतीवर शिक्का, सही आणि आवक नंबर घेतल्याशिवाय ऑफिसातनं हलू नका.